एबीजी वाचताना या चुका टाळा

एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीची, चिठ्ठी हातात आली की नजर आधी नॉर्मल रेंजकडे जाते. पीएच (आकडा जितका कमी तितकं रक्त आम्ल) ७.३५ ते ७.४५, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ३५ ते ४५, बायकार्ब (आम्ल सावरणारं बायकार्बोनेट) २२ ते २६. आकडा त्यात बसला की जीव भांड्यात पडतो. आयसीयूत एवढ्यावर भागत नाही. या पेशंटला जो आजार झालाय, त्यात हा आकडा किती असायला हवा होता, हे स्वतःला विचारायची सवय लावा.

‘कमी आहे, म्हणजे भरपाई होतेय’

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. डायबेटिक किटोॲसिडोसिसचा (मधुमेहात रक्त आम्ल होण्याचा) पेशंट घ्या: पीएच ७.०२, बायकार्ब ८, पीसीओटू ३२. पीसीओटू नॉर्मलच्या खाली दिसतो, त्यामुळे जोरजोरात श्वास घेऊन तो ॲसिडोसिस सावरतोय असं वाटतं. आता विंटरचं सूत्र लावा; बायकार्बवरून पीसीओटू किती हवा ते त्यातून कळतं. बायकार्बची दीडपट, त्यात ८ मिळवा, दोन इकडे-तिकडे. १२ अधिक ८ म्हणजे २०. पीसीओटू १८ ते २२ हवा होता आणि आहे ३२. पेशंट थकत चाललाय. अशा वेळी झोपेचं औषध देऊ नका, सीनियरला लगेच बोलवा. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आलीच, तर व्हेंटिलेटरवर नेहमीचा मिनिटाला १४-१५ श्वासांचा रेट लावून निघून जाऊ नका. पेशंट स्वतः ३०-३५ श्वास घेत होता. तो आधार अचानक काढून घेतला तर पीएच आणखी कोसळतो.

दम्याच्या मोठ्या झटक्यातही हेच. सुरुवातीला पीसीओटू खाली असतो. दोन तासांनी तो ४० आला आणि पेशंट शांत दिसू लागला, तर सुधारणा समजू नका, तो धोक्याचा इशारा आहे.

पीएच नॉर्मल, तरी पेशंट आजारी

शरीराची भरपाई पीएचला बहुधा पूर्ण नॉर्मलवर आणत नाही. म्हणून पीएच छान आणि बाकीचे आकडे बिघडलेले असतील, तर दोन आजार एकमेकांना झाकतायत का ते शोधा. उदाहरणार्थ पीएच ७.३९, पीसीओटू २४, बायकार्ब १४. सोडियम १४०, क्लोराइड ९६. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा केले की अनायन गॅप (मोजणीत न आलेल्या आम्लांचा अंदाज) ३० येतो, म्हणजे मोठा मेटाबोलिक ॲसिडोसिस (श्वासामुळे नसलेली आम्लता) आहे. विंटरप्रमाणे पीसीओटू २९ च्या आसपास हवा होता. तो २४ आहे, म्हणजे जोडीला रेस्पिरेटरी अल्कलोसिसही (जास्त श्वासामुळे आम्लता घटणं) आहे. सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे शरीरभर होणाऱ्या बिघाडात) ही जोडी नेहमी दिसते.

गॅप काढताना अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) विसरू नका. ४ च्या खाली प्रत्येक ग्रॅममागे गॅपमध्ये अडीच मिळवायचे. अल्ब्युमिन २ असेल तर १२ चा निर्दोष दिसणारा गॅप खरा १७ असतो.

सॅम्पलच चुकलेलं असेल तर

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पीसीओटू उतरतो आणि पीओटू (रक्तातला ऑक्सिजन) खोलीतल्या हवेच्या दिशेने सरकतो. पातळ हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं, तर पीसीओटू आणि बायकार्ब दोन्ही खोटे कमी येतात. ए-लाइनमधून (धमनीत ठेवलेल्या नळीतून) घेताना आधीचं सलाइन मिसळलेलं रक्त पुरेसं काढून टाकलं नाही, तरी आकडे पातळ होतात. सॅम्पल पडून राहिलं तर पेशी ऑक्सिजन वापरत राहतात आणि लॅक्टेट वाढतं. अर्ध्या तासाच्या आत मशीनला लावा. पीओटू ३८ आणि बोटावरचं सॅचुरेशन ९७ असेल, तर सुई बहुधा शिरेत गेली होती. व्हेंटिलेटरला हात लावण्याआधी सिस्टरना विचारा, सॅम्पल कुठून आणि कधी घेतलं.

एफआयओटू (पेशंट घेत असलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) न लिहिता पीओटू वाचण्यात अर्थ नाही. साध्या हवेवर ९० उत्तम. ६० टक्के ऑक्सिजनवर तेच ९० म्हणजे पीओटू भागिले एफआयओटू हे गुणोत्तर १५०, फुप्फुसं गंभीर आजारी.

बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असताना बेशुद्ध सापडलेल्या माणसाचा पीओटू सुरेख येऊ शकतो. साध्या मशीनचं सॅचुरेशन पीओटूवरून काढलेलं गणित असतं, त्यात कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. को-ऑक्सिमीटरवर (कार्बन मोनॉक्साइड वेगळा मोजणाऱ्या मशीनवर) तपासा, आणि तोवर भरपूर ऑक्सिजन चालू ठेवा.

बायकार्ब वाढलं की अल्कलोसिस?

१९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ सुरू असताना हाच गैरसमज जिवावर बेतत होता. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड (यात बहुतेक भाग बायकार्बचाच) वाढलेला दिसे आणि डॉक्टर त्याला अल्कलोसिस समजत. श्वास अपुरा पडतोय म्हणून तो साठतोय, हे भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखलं. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या छातीत हाताने हवा भरत राहिले आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं.

आज हा घोळ सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या) पेशंटमध्ये होतो. वर्षानुवर्षं ज्याचा पीसीओटू ६० आहे, त्याच्या किडनीने बायकार्ब ३२ वर नेऊन पीएच ७.३५ ला टेकवलेला असतो. व्हेंटिलेटरवर घेऊन आपण हौसेने पीसीओटू ४० वर आणला, की पीएच थेट ७.५२ होतो. तसंच दोन-तीन दिवस ठेवलं तर किडनी ते बायकार्ब टाकून देते. मग व्हेंटिलेटर काढायच्या दिवशी पीसीओटू पुन्हा ६० कडे जातो, सावरायला बायकार्ब नसतं आणि पेशंट पुन्हा ट्यूबवर येतो. अशा पेशंटचा व्हेंटिलेटर पीएच बघून लावा. जुना एबीजी फाइलमध्ये असेल तर तो आधी काढून बघा.