रेल्वेचा बॅटरीवाला हातकंदील असा चालू केला

यार्डात वापरतात तसा जुना हातकंदील, ६ व्होल्टची चौकोनी बॅटरीवाला, नवी बॅटरी टाकूनही नुसता मिणमिणायचा आणि हलवला की विझायचा, आता सिग्नल द्यायला तो हलवायचाच असतो ना! बॅटरीच्या दोन स्प्रिंगा वर जिथे टेकतात त्या पत्र्यांवर हिरवट थर चढलेला, पॉलिश पेपरने घासला, पत्ती जरा खाली वाकवली, झालं काम. मग एलईडी बल्ब लावला तर पेटेचना. साध्या बल्बला प्लस-मायनस कसंही चालतं, एलईडीला नाही, म्हणून होल्डरच्या वायरी उलट्या केल्या. बाकी बल्ब खाली तोंड करून उघडा ठेवायची डिझाइन भारीच, पायाशी उजेड पडतो आणि लांबून चारी बाजूंनी दिसतो पण.