जुन्या गाडीत एबीएसची लाइट पेटलीये? मॉड्यूल बदलायच्या आधी हे बघा

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्याआधी बऱ्याच गाड्यांत ते फक्त वरच्या मॉडेललाच मिळायचं, आणि आता त्याच गाड्या दहा-बारा वर्षांच्या होऊन सेकंडहँडमध्ये फिरतायत. लाइट पेटली की लगेच कोणीतरी मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारं कंट्रोल युनिट, गेलं म्हणून सांगतं आणि माणूस मोठ्या खर्चाला तयार होतो, किंवा बल्बच काढून टाकतो, तसलं तर अजिबात करू नका. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा चाकापाशीच सापडतो, कारण चाकाचा स्पीड मोजणारा सेन्सर, तो ज्याचे दाते वाचतो ती रिंग, वायर सगळं वर्षानुवर्षं चिखलापाण्यात असतं.

आधी एक बघा, एबीएसच्या लाइटबरोबर ब्रेकची लाल लाइटपण पेटलीये का, आणि हँडब्रेक तर पूर्ण खाली आहे. तसं असेल तर गाडी चालवू नका, ब्रेक ऑइल कमी झालं असेल किंवा ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) पण बंद पडलं असेल, मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. ऑइलची लेव्हल बघा, कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका, लायनिंग झिजलंय की कुठे गळतंय ते शोधा. एकटी पिवळी लाइट असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात मारले तर चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून पावसात आणि घाटात अंतर ठेवूनच चालवा.

आता लाइट कधी पेटते ते नीट बघा, अर्धं निदान इथंच होतं. चावी ऑन केल्यावर ती दोन-चार सेकंद पेटून विझायला पाहिजे. विझतच नाही म्हणजे फ्युज, अर्थिंग, तुटलेली वायर, कपलर (वायर जोडायचं कनेक्टर) अशी सरळ इलेक्ट्रिकल भानगड. विझते पण गाडी निघाल्यावर जरा स्पीड घेतला की परत येते, म्हणजे कुठल्यातरी चाकाचा सिग्नल नीट येत नाही. आणि लाइट नाही, पण सिग्नलला हळूहळू थांबताना शेवटच्या दोन-चार फुटांत पेडल कुरकुर करत थरथरतं, त्यात रिंगवरचा गंज किंवा बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) निघायची शक्यता जास्त, कारण कमी स्पीडला सिग्नल आधीच कमजोर असतो, तो तुटला की मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं.

स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी (गाडीला लावून मोबाइलवर दोषाचे कोड बघायचं यंत्र) बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतं, त्यात काही आलं नाही म्हणून सगळं ठीक असं समजू नका, एबीएस वाचणारा स्कॅनर पाहिजे. कोडमध्ये सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं, काही कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोड असतात. कोडपेक्षा मला लाइव्ह डेटा जास्त भरवशाचा वाटतो, दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा आणि वीस-तीसच्या स्पीडला चारही चाकांचे आकडे बघा, जे चाक मधेच शून्यावर जातं किंवा थांबताना बाकीच्यांच्या आधी शून्य होतं ते आपलं गिऱ्हाईक. टायर चारही एकाच साइजचे आहेत ना तेपण बघून घ्या.

बॅटरी अशक्त असेल तरी लाइट येते, त्यामुळे बॅटरी आणि बॉनेटखालचे एबीएसचे मोठे फ्युज आधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. उंदरांनी वायर कुरतडलीये का तेही तिथंच दिसतं.

मग चाक काढा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावा. सेन्सर ओढताना वायरला धरून ओढायचं नाही, गंजाने हबमध्ये घट्ट बसलेला असतो, गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा मग हळूहळू फिरवत काढा. टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलेला असेल तर फडक्याने पुसा, कधीकधी एवढ्यावरच काम होतं. रिंग ड्राइव्ह शाफ्टवर असेल तर ब्रशने दाते साफ करून चाक हळूहळू फिरवत पूर्ण गोल बघा, रिंगच्या खाली गंज फुगतो आणि ती एका ठिकाणी तडकते, तडा केसाएवढा असतो आणि नेमका दोन दातांच्या मधल्या खाचेत लपतो, म्हणून टॉर्च तिरका धरा. बऱ्याच गाड्यांत रिंग नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच मॅग्नेट असतं, अशा गाडीचं बेअरिंग नुकतं बदललं असेल आणि त्यानंतर लाइट आली असेल तर बेअरिंग उलटं बसवलंय हा पहिला संशय घ्या.

मल्टिमीटर लावायच्या आधी सेन्सर कुठल्या टाइपचा ते मॅन्युअलमध्ये बघा. जुना कॉइलवाला असेल तर साधारण हजार-दीड हजार ओहम दाखवतो, आणि एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की रीडिंग येतं, जोरात फिरवलं की वाढतं. नवीन अ‍ॅक्टिव्ह टाइपला ओहमवर तपासून काही कळत नाही, त्याला कपलरवर सप्लाय येतोय का ते बघायचं आणि बाकी स्कॅनरवर. कॉइलवाल्याचं ओहमचं रीडिंग बघताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा, शॉकअपजवळ वायर रोज वाकून आतून तुटते आणि बाहेरून चांगली दिसते, आकडा मधेच उडाला की वायर सापडली.

दुरुस्ती झाल्यावर कोड क्लिअर करा, काही गाड्यांत थोडं चालवल्याशिवाय लाइट विझत नाही, घाबरू नका. मग रिकाम्या मोकळ्या मैदानात मातीवर तीसच्या आसपास स्पीडला ब्रेक दाबून धरा, पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी सरळ थांबली म्हणजे एबीएस परत कामाला लागलं.