अप्रेझ (appraise) हे इंग्रजी क्रियापद कुठं वापरायचं आणि कुठं नाही

सोनं तारण ठेवायला बँकेत गेलाय का कधी? तिथं बँकेनं नेमलेला सोनार दागिना कसोटीवर घासतो, ॲसिड लावून बघतो, खडे आणि लाखेचं वजन वजा करतो आणि मग कागदावर लिहून देतो की याची किंमत एवढी. हे जे तो करतो ना ते अप्रेझ, आणि तो माणूस अप्रेझर. घरी बसून आपण "असंल दीडएक लाखाचं" म्हणतो ते एस्टिमेट झालं, त्याला अप्रेझ नाही म्हणायचं.

वाक्य असं करायचं, द ज्वेलर अप्रेझ्ड द नेकलेस ॲट टू लाख रुपीज. आकड्याआधी ॲट. आणि अप्रेझ द प्राइस असं लिहू नका, लय जण लिहितात, अप्रेझ वस्तूला करतात, किंमत त्यातून निघते.

खरा घोळ अप्राइजशी (apprise) होतो. स्पेलिंगमध्ये फरक फक्त एका ए चा, पण त्याचा अर्थ कळवणं, कानावर घालणं. प्लीज अप्राइज मी ऑफ द सिच्युएशन. माणसाला कळवायचंय आणि पुढं ऑफ आलाय तर तिथं अप्राइजच, चांगल्या चांगल्या ऑफिसच्या मेलमध्ये पण अप्रेझ मी ऑफ लिहिलेलं असतं.

आता असेस. 2019 च्या पुरात सांगलीत घरोघरी पंचनामे झाले, तिथं असेस द डॅमेज म्हणायचं, कारण बघायचं होतं नुकसान किती झालं ते. घरपट्टीची आकारणी पण असेसमेंटच. इव्हॅल्युएट त्याहून मोकळं, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो तेव्हा तो क्वालिटी इव्हॅल्युएट करतोय, पण नंतर जो दर बोलतो ती त्याची बोली, बिड, त्याला स्वतःला माल घ्यायचाय ना, म्हणून ते अप्रेझल धरू नका.

किंमत पैशातच हवी असं पण नाही हं. स्थळ बघायला आलेली मावशी पोरीला नखशिखांत न्याहाळते, तो अप्रेझिंग लुक. आणि पुण्याच्या कंपन्यांतलं अप्रेझल म्हणजे वर्षभराच्या कामाचं मोजमाप, शब्दात प्रेझ दिसतंय म्हणून कौतुकच होईल असं काही नाही, उलट पगारवाढ अडते ती पण त्याच मीटिंगमध्ये.