वाद्यवृंदात यायचंय? मग आधी हे वाचा

नवं वर्ष सुरू झालं की संगीताच्या खोलीच्या दाराशी घोळका जमतो. "टीचर, हांवय येतां," म्हणत एकेक जण पुढे सरकतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढलं. हे मुलांसाठी आहे. पालकांनीही वाचलं तर रात्री साडेनऊनंतर येणारे फोन जरा कमी होतील.

सहावी ते नववी कुणीही यावं. दहावीतली मुलं १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमापर्यंत वाजवतात, मग मार्चच्या परीक्षेसाठी मीच त्यांना मोकळं करते. "वाजवता येतं का?" हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारत नाही. मी तीनताल टाळीने देते, तुम्ही माझ्याबरोबर द्यायचा. मध्येच मी थांबते, तुम्हीही टाळी थांबवायची, सोळा मात्रा मनात मोजायच्या आणि समेवर, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेवर, एक टाळी द्यायची. बस्स, एवढीच परीक्षा. पुष्कळ मुलं घाईने चौदाव्या-पंधराव्या मात्रेलाच टाळी देऊन मोकळी होतात. त्यांना मी परत पाठवत नाही, महिनाभराने पुन्हा बोलावते. पण क्लासच्या परीक्षांची सर्टिफिकेटं दाखवून "मला टाळीबिळी नको" म्हणणारा मला चालत नाही. एकट्याने छान वाजवणं आणि बाकीच्यांबरोबर वाजवणं यांत बराच फरक आहे, आणि तो फरक टाळीत लगेच कळतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या नियमांतले फार थोडे वाजवण्याबद्दल आहेत. बाकीचे सगळे तुम्ही वाजवत नसाल तेव्हाचे आहेत. कंटाळून सोडून जाणारी मुलं बहुतेक तिथेच अडतात.

तालीम बुधवारी शाळा सुटल्यावर आणि शनिवारी सकाळी. बुधवारचा घोळ दरवर्षीचा आहे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, शाळा सुटली की निघतो, तालमीसाठी थांबत नाही, आणि ड्रायव्हरदादांना थांबवायला मी जाणार नाही. तेव्हा बुधवारी कोण न्यायला येणार हे घरी ठरवूनच नाव द्या. माशेल, सावईवेरे, बोरी या बाजूची मोठी मुलं कदंब बसने जातात. त्यांनी आपापल्या बसची वेळ मला लिहून द्यावी, त्या हिशेबाने मी सोडते. बस गेली म्हणून फोंड्याच्या स्टँडवर काळोख पडेपर्यंत बसून राहिलेलं मूल मला नको आहे.

यायला जमणार नसेल तर आधी सांगा. वर्गातल्या मित्राकडे निरोप दिलेला चालेल, पण तालीम सुरू व्हायच्या आत. ताप असेल तर येऊच नका. बासरी आणि ट्रम्पेटवाल्यांनी साध्या सर्दीतही घरी बसावं. चतुर्थीच्या दिवसांत तालीम नाही. तेव्हा निम्मा वाद्यवृंद आपापल्या मूळ घरी असतो आणि तिकडेच असावा. घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्यांनी तर वाड्यावरची एकही आरती चुकवू नये. रात्री घरोघर फिरून जो हात बसतो तो माझ्या खोलीत चार भिंतींत बसत नाही. मात्र कार्यक्रमाच्या आधीच्या शेवटच्या तीन तालमींपैकी एक जरी चुकली तरी त्या वेळी मंचावर बसता येणार नाही. यात मामाचं लग्नही आलं. दरवर्षी कुणीतरी रडतं, कुणाची तरी आई भेटायला येते, आणि नियम तसाच राहतो, कारण तुमच्याशिवाय बसवलेला तुकडा आयत्या वेळी तुमच्यासाठी पुन्हा उसवता येत नाही.

आता सूर लावण्याचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तालमीची पहिली दहा मिनिटं यातच जातात आणि त्या दहा मिनिटांत मी सर्वांत कडक असते.

आमचा सा पेटीच्या (हार्मोनियमच्या) पांढरी दोन पट्टीचा. गाणाऱ्या मुली दरवर्षी कुरकुरतात की काळी चार बरी पडते. पण व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीने जी, डी, ए, ई अशा लागतात. पांढरी दोन म्हणजे डी. म्हणजे सा मोकळ्या तारेवर मिळतो आणि पंचमही शेजारच्या मोकळ्या तारेवर. सहावीतल्या नव्या हाताला निदान दोन सूर तरी न शोधता सापडतात, आणि त्या आधारावर बाकीचे लागतात. ट्रम्पेटवाल्यांची तऱ्हा वेगळी: त्यांच्या वाद्याचा 'सी' आमच्या काळी पाचला बोलतो, म्हणून आमचा सा त्यांच्या कागदावर 'ई' म्हणून येतो. हे एकदा लक्षात घ्या आणि दर तालमीला "टीचर, कागद चुकलाय" म्हणू नका.

सूर पेटीवरून घ्यायचा. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपवरून घ्यायचा नाही. ॲपमध्ये ए म्हणजे ४४० हर्ट्झ असतं. आमची पेटी जुनी आहे, ती ४४० च्या थोडी वर बोलते. पेटीच्या पितळी पट्ट्या तालमीच्या वेळी खालीवर करता येत नाहीत. तारा आणि तबला करता येतात. म्हणून पेटी जे म्हणेल ते बरोबर, मग ॲपमध्ये काटा कितीही उजवीकडे जावो. एक मुलगा सा धरतो, आधी व्हायोलिनं लावायची, मग तबला. तबलेवाल्याने हातोडी आधी गट्ट्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर) चालवावी, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर) बारीक ठोके शेवटी. त्या वेळात बाकी कुणी एक बोटही वाद्याला लावायचं नाही. की-बोर्डवर आवाज बंद करून बोटं फिरवणंही नाही. प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक मला ऐकू येते.

पावसाळ्यात हे काम दुप्पट वेळ घेतं. जुलैत आपल्याकडे हवा इतकी ओली असते की तबल्याची पुडी सैल पडते, व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस लांबतात. अडकलेली खुंटी जोर लावून फिरवू नका, माझ्याकडे आणा. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा, मगच गज व्हायोलिनच्या पेटीत ठेवायचा. ताणलेला गज आठवडाभर तसाच राहिला तर काठी वाकते, आणि वाकलेली काठी सरळ करून देणारा माणूस मला तरी आसपास सापडलेला नाही. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, व्हायोलिनच्या पेटीत टाका. बासरी आतून सुक्या फडक्याने पुसायची, उन्हात वाळत घालायची नाही. बांबू चिरतो.

घुमटाबद्दल वेगळं लिहायला हवं. २०१९ मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून शाळेत ते शिकायला येणारी मुलं वाढली, मुलीही वाढल्या, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ते मातीचं मडकं आहे हे विसरू नका. बेंचावर ठेवायचं नाही, दोरीला धरून लोंबकळवत न्यायचं नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचं. वाजवताना उजव्या हाताची बोटं चामड्यावर आणि डावा तळवा मागच्या लहान तोंडावर. तो तळवा किती उघडता-मिटता यावर घुमार अवलंबून आहे. नवी मुलं उजव्या हाताने जोरजोरात बडवतात आणि डावा हात नुसता टेकवून ठेवतात, मग घुमटातून मडक्यासारखाच आवाज येतो. चामडं सैल पडलं तर आम्ही ते बल्बजवळ थोडा वेळ धरतो. जास्त वेळ धरलं तर ते तडकतं, तेव्हा हे मोठ्या मुलांनीच करायचं.

आणखी एक, पालकांनी नीट वाचावं. कुणाच्या घरी माळ्यावर आजोबांचं जुनं घुमट असेल तर ते शाळेत पाठवू नका. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि तसं वाद्य मुलाच्या हातात शाळेच्या मंचावर दिसावं असं मला वाटत नाही. शाळेची घुमटं बकऱ्याच्या कातड्याची आहेत. आजोबा म्हणतील की आवाजात फरक पडतो. पडतो, हे मीही मान्य करते. तरी आणू नका.

कागद दोन तऱ्हेचे मिळतात. आमच्याकडे चर्चमध्ये सोल्फा (दो-रे-मी) शिकलेली, पाच रेषांवरचं वाचणारी मुलं येतात, आणि देवळातल्या भजनात पेटी नि पखवाज धरून वाढलेली, सारेगम म्हणणारी मुलंही येतात. दोघं एकाच रांगेत बसतात. हे आपल्याकडे नवं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या सिनेमासृष्टीत व्हायोलिन वाजवायचे, संगीतरचनाही करायचे, आणि १९५८ मध्ये त्यांनी तिथे रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. तेव्हा "मला रेषांचं कळत नाही" किंवा "मला कोमल-तीव्र कळत नाही" हे पहिल्या सहामाहीपुरतं ऐकून घेईन, पुढे नाही. शेजाऱ्याचा कागद वाचायला शिका. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. खुणा पेन्सिलने करायच्या, पेनने नाहीत. पुढच्या वर्षी तोच कागद दुसऱ्याला द्यायचा आहे.

जागा मी ठरवते. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसवलं म्हणजे तुम्ही कच्चे असं नाही. दुसरी रांग मुख्य चाल वाजवत नाही, खालचे लांब सूर धरते, आणि ते सूर खाली उतरले की पहिली रांग हमखास बेसूर होते. तिथे मी मुद्दाम चांगल्या कानाची मुलं बसवते. हे आईबाबांना समजावून सांगा, कारण मला सांगून कंटाळा आला आहे.

आणि गप्प बसणं. गेल्या संमेलनात आठवीतला एक मुलगा कासाळ्यावर (झांजांसारखं वाद्य) होता. त्याला तीन आवर्तनं काही नव्हतं, चौथ्याच्या समेवर फक्त एक ठोका. पहिल्या तालमींत तो खिडकीबाहेर बघायचा आणि सम निघून गेल्यावर दचकून वाजवायचा. मग त्याने मांडीवर हात उपडा ठेवून बोटांवर मोजायला सुरुवात केली: चार बोटं, दर बोटावर चार जागा, एका आवर्तनाला एक हात. ओठ हलायचे, डोळे माझ्या हातावर. कार्यक्रमात त्याचा ठोका असा पडला की पुढच्या रांगेत गप्पा मारणारे पाहुणे सरळ होऊन बसले. तुम्हालाही असंच मोजायचं आहे. ओठ हलले तरी चालतील, पाय आपटायचा नाही. दहा जणांनी पाय आपटला की दहा वेगळ्या लयी होतात.

चुकलात, वाट हरवली, तर थांबा. समेची वाट बघा आणि समेवर आत या. मध्येच चाचपडत वाजवू नका, शेजाऱ्याकडे बघून जीभ काढू नका. तार तुटली तर गज चालवत राहा, उरलेल्या तारांवर जे मिळेल ते. मी हात खाली करेपर्यंत वाद्य खाली येणार नाही, आणि टाळ्या सुरू झाल्या तरी हा नियम लागू आहे.

बारीकसारीक: नखं कापलेली, विशेषतः व्हायोलिनच्या डाव्या हाताची आणि तबल्याच्या दोन्ही. खोलीत चप्पल नाही. मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाल्ली असेल तर साबणाने हात धुऊन या. पेटीच्या पट्ट्यांवर तेल मुरलं की त्या चिकटतात आणि भाता ओढून ओढून हात दुखतो. मंचावर काकणं आणि पैंजण नकोत. कार्यक्रम संपल्यावर स्टँड आणि खुर्च्या उचलूनच जायचं, फोटो नंतर.

पालकांसाठी शेवटचं, कारण यात पैसे वाया जातात. लगेच व्हायोलिन विकत घेऊ नका. पहिले काही महिने शाळेचं वापरू दे. घ्यायचंच असेल तर "पुढे मोठा होईल" म्हणून पूर्ण मापाचं घेऊ नका, तो काही युनिफॉर्म नव्हे. मुलाला व्हायोलिन मानेशी धरायला लावा आणि डावा हात सरळ लांब करायला सांगा. व्हायोलिनचं टोक तळव्यात बसून बोटं त्याभोवती सहज वळली तर माप बरोबर. ताणावं लागलं तर मोठं आहे. सहावीतल्या बहुतेकांना हाफ किंवा थ्री-फोर्थ लागतं. घरी रोज वीस मिनिटं वाजवलं तरी पुरे, पण रोज. टीव्ही बंद ठेवा एवढीच मदत करा. "आमच्या वेळी" सुरू करू नका, आणि तालमीच्या वेळी दारात उभं राहून मुलाला खुणा करू नका. तो तुमच्याकडे बघतो आणि माझा हात चुकवतो.

नाव द्यायचं असेल तर चिठ्ठीवर इयत्ता, तुकडी, घरी जायची सोय, घरी कुठलं वाद्य आहे आणि कुणाकडे काय शिकलात एवढं लिहून पालकांच्या सहीसह शुक्रवारपर्यंत माझ्या टेबलावर ठेवा. टाळीची परीक्षा शनिवारी सकाळी, सहावीपासून सुरुवात.