प्रोसेसिंगमधून पीडीएफ काढताना या चुका टाळा

‘पीडीएफ उघडतच नाही.’ ‘स्क्रीनवर लाल, पीडीएफमध्ये पांढरं.’ ‘फाइल उघडली की कॉम्प्युटर अडकतो.’ तक्रारी तीन, मूळ एकच: प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमिंग भाषेतून निघालेली पीडीएफ म्हणजे स्क्रीनवरच्या खिडकीचा फोटो, हा समज. प्रत्यक्षात ती तुमच्या आज्ञांची नोंदवही असते.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे बिगिनरेकॉर्ड (नोंद सुरू करणारी आज्ञा) सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) टाकायचं आणि एंडरेकॉर्ड (नोंद थांबवणारी आज्ञा) मनाला येईल तेव्हा कळ दाबून. सगळ्या फ्रेम एकावर एक साठवायच्या असतील, तर ही रीत बरोबर आहे. पण हवी असते एकच फ्रेम! ड्रॉ, म्हणजे एकेक फ्रेम काढणारा भाग, सेकंदाला ६० वेळा चालतं. फ्रेममध्ये १,००० रेषा असतील आणि स्केच (तुमचा प्रोग्रॅम) ५ मिनिटं चाललं, तर फाइलमध्ये १ कोटी ८० लाख रेषा जमतात. बॅकग्राउंड या आज्ञेने स्क्रीन पुसली जाते, पीडीएफ नाही. तिथे नुसता मोठा आयत वर चढतो, खालचं सगळं तसंच राहतं. मग पीडीएफ उघडणाऱ्या इंकस्केपला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

उपाय जुनाच. एक बूलियन (फक्त खरं किंवा खोटं साठवणारा चल) ठेवा. कळ दाबल्यावर तो फक्त खरा करा, बाकी काही नाही. ड्रॉच्या पहिल्याच ओळीत तो तपासून बिगिनरेकॉर्ड, शेवटच्या ओळीत एंडरेकॉर्ड, आणि बूलियन परत खोटा. फाइलच्या नावात चार हॅश (####) घाला. तिथे फ्रेमचा क्रमांक येतो आणि आधीची फाइल पुसली जात नाही.

रंग हरवण्याची चूक याच्याच शेजारची. फिल (आत भरायचा रंग), स्ट्रोक (रेघेचा रंग), टेक्स्टफॉन्ट (अक्षरांचा फॉन्ट) सेटअपमध्ये लिहून मोकळे झालात, तर नोंद सुरू होण्याआधीचं ते बोलणं वहीत येत नाही. पीडीएफ पांढरा फिल आणि काळी रेघ धरून बसते. कलरमोड (रंगाचे आकडे वाचायची पद्धत) आरजीबीऐवजी (लाल-हिरवा-निळा) एचएसबी (छटा-गडदपणा-उजळपणा) केला असेल तर आणखी गंमत: तेच आकडे पीडीएफ आरजीबी म्हणून वाचते. हे सगळं बिगिनरेकॉर्डच्या खाली, बॅकग्राउंडच्याही आधी लिहायची सवय लावा. चार ओळी दोनदा लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनाच नंतर रंग शोधत बसावं लागतं.

खिडकीचं माप सांगणाऱ्या साइझमध्येच पीडीएफ दिली असेल, तर खिडकी उघडत नाही आणि शेवटी एक्झिट (प्रोग्रॅम संपवणारी आज्ञा) लागतंच. स्टॉपचं बटण दाबणं म्हणजे एक्झिट नव्हे. फाइल अर्धवट राहते.

ए४ कागद हवा असेल तर साइझ ५९५ × ८४२. इथे १ पिक्सेल म्हणजे १ पॉइंट, इंचाला ७२.

पी३डीसाठी (त्रिमितीय चित्रांसाठी) बिगिनरेकॉर्ड नाही, बिगिनरॉ आणि एंडरॉ.

फिल्टर, ब्लेंड आणि पिक्सेल्समध्ये (म्हणजे थेट स्क्रीनच्या ठिपक्यांत) केलेले बदल पीडीएफमध्ये उतरत नाहीत. तिथे सरळ पीएनजी काढा. मात्र रेषांच्या कामालाही स्क्रीनशॉट काढून तो पीडीएफमध्ये चिकटवणं हा निव्वळ आळस आहे. मोठं केलं की कडा फुटतात.

फॉन्ट क्रिएटफॉन्टने घ्या. दुसऱ्या मशीनवर अक्षरं बदलत असतील, तर टेक्स्टमोड शेप करा. अक्षरांच्या आकृत्या होतात, पण मग मजकूर निवडता येत नाही.

रँडम (यादृच्छिक आकडे) वापरत असाल तर रँडमसीड द्या, म्हणजे तेच आकडे पुन्हा मिळतात, आणि तो आकडा फाइलच्या नावातच लिहा.