बटरक्रीमचा फिनिश नितळ यावा म्हणून

केकवरचं बटरक्रीम सपाट करायची पट्टी, म्हणजे स्क्रॅपर, फिरवताना रेघा उमटल्या, बारीक खड्डे पडले की आपला हात बसलेला नाही असं वाटतं. बहुतेक वेळा बिघाड त्याआधीच झालेला असतो. क्रीममध्ये हवा राहिलेली असते, साखरेची कणी तशीच असते किंवा केक पुरेसा गार झालेला नसतो. म्हणून निम्म्याहून जास्त लक्ष भांड्याकडे आणि फ्रिजकडे द्या, टर्नटेबलची (केक ठेवून फिरवायच्या गोल चकतीची) पाळी नंतर.

नितळपणासाठी स्विस मेरिंग बटरक्रीम (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर तापवून, फेटून त्यात बटर घातलेलं) सर्वांत भरवशाचं, कारण त्यात साखर पूर्ण विरघळते. 6 इंची, तीन थरांच्या केकसाठी अंड्याचा पांढरा बलक 120 ग्रॅम (साधारण 4 अंडी), साखर 220 ग्रॅम, अनसॉल्टेड बटर 340 ग्रॅम, व्हॅनिला 2 छोटे चमचे आणि चिमूटभर मीठ घ्या. घरचं लोणी इथे चालत नाही. त्यात ताक आणि पाणी जास्त असल्याने क्रीम फाटतं. पोळीला लावायचं पिवळं बटर खारट असतं आणि क्रीमला पांढरा रंगही येऊ देत नाही.

पांढरा बलक आणि साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून सतत ढवळत 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. दोन बोटांत चोळून कणी लागता कामा नये. मग भांडं बाहेरून गार लागेपर्यंत फेटा. याला 10 ते 15 मिनिटं लागतात. घाई केली तर बटर वितळणार. बटर 20 ते 22 अंशांचं हवं, म्हणजे बोट दाबलं की खळगा पडतो पण बोटाला तेल लागत नाही. ते एकेक तुकडा करत घाला. मधेच मिश्रण दही फुटल्यासारखं दिसलं तर ते थंड पडलंय. टाकून देऊ नका, फेटत राहा, जुळून येतं. पातळ झालं तर भांडं 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

अंडं नको असेल तर 250 ग्रॅम बटर पांढरं होईपर्यंत फेटून त्यात 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क धारेने घाला. तेही रेशमासारखं येतं, फक्त उकाड्यात लवकर मऊ पडतं. आयसिंग शुगरचं क्रीम करणार असाल तर साखर विकतची घ्या आणि दोनदा चाळा. मिक्सरवर दळलेल्या साखरेची कणी राहते आणि तीच स्क्रॅपरखाली रेघ ओढते.

आता हवा काढायची. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि खड्डे इथूनच येतात. फेटताना भरलेले बुडबुडे स्क्रॅपरखाली फुटतात. स्टँड मिक्सर असेल तर चपट्या पात्याने अगदी मंद वेगावर 5 ते 10 मिनिटं फिरवा. हँड बीटर असेल तर तो बाजूला ठेवा आणि सिलिकॉन स्पॅच्युलाने क्रीम भांड्याच्या कडेला दाबून दाबून घोटा. तरीही जाळी दिसली तर तीन-चार चमचे क्रीम मायक्रोवेव्हमध्ये 8-10 सेकंद गरम करून परत मिसळा आणि घोटा. व्हिपिंग क्रीमची सवय असलेल्यांना जास्त हाताळायची भीती वाटते. बटरक्रीमला ती भीती नाही, कितीही घोटा.

केक आदल्या दिवशी भाजून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेला उत्तम. वरचा फुगवटा कापा, साखरपाणी बेताचं लावा. केक बोर्ड जाड घ्या. तो वाकला की थिजलेल्या क्रीमला तडा जातो. थर रचल्यावर पातळ क्रम्ब कोट (केकचा चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला थर) द्या आणि 30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोटाला चिकटत नाही ना, बघा.

क्रीमचा दुसरा थर सढळ, जवळजवळ 1 सेंमी जाड. कंजूषपणा केला तर स्क्रॅपर केकला टेकतो. आधी वर, मग पायपिंग बॅगने बाजूंवर पट्टे. स्क्रॅपरची खालची कड टर्नटेबलवर टेकवा, पातं केकच्या बाजूशी साधारण 45 अंशांत तिरपं धरा. तो हात स्थिर, दुसऱ्या हाताने टर्नटेबल एका दमात पूर्ण फेरा फिरवा. थांबत थांबत फिरवलं की प्रत्येक थांब्याची उभी रेघ दिसते. प्रत्येक फेऱ्यानंतर स्क्रॅपर पुसा, खळगे भरा, पुन्हा फिरवा. शेवटच्या फेऱ्याला स्टीलचा स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून कोरडा पुसून घ्या. ओला राहिला तर पृष्ठभाग डागाळतो.

वर उभी राहिलेली कड लगेच मोडू नका. 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग पॅलेट नाइफने (लांब, बोथट पात्याच्या सुरीने) बाहेरून मध्याकडे, हलक्या हाताने, दर वेळी पातं पुसत ओढा. कोपरा धारदार येतो.

दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा आला तर थरांमध्ये अडकलेली हवा हे त्याचं नेहमीचं कारण. सुईने टोचून हवा काढा आणि जागा सपाट करा. पुढच्या वेळी क्रम्ब कोटच्या आधी रचलेल्या केकवर हलकं वजन दोन-तीन तास ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, फ्रिजबाहेर काढलेल्या केकवर घाम येतो. तो पुसायला जाऊ नका, रंग पसरतो. बंद खोक्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि कापण्याआधी 45 मिनिटं ते तासभर बाहेर असू द्या, नाहीतर तोंडात थिजलेलं बटर येतं.