सेफ्टी शूज घेताना या चुका टाळा, नायतर पावसात कळेल

गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. नवीन पोरं येतात आणि एकच विचारतात, "भाऊ, सेफ्टी शूज आहेत काय, आठ नंबर?" काम काय करणार ते कोण सांगत नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पुढे लोखंडी टोपी आहे म्हणजे झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती टोपी फक्त बोटं वाचवते हो. आणि टोपीतही फरक असतो, आयएस १५२९८ म्हणजे अशा बुटांचं भारतीय मानक, त्याच्या भाग २ मधला बूट २०० जूलचा मार झेलतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तर, भाग ३ वाला १०० जूलच, आणि भाग ४ मध्ये टोपीच नसते, पण दुकानात तिन्ही 'सेफ्टी'च म्हणून विकतात. म्हणून जिभेवरचा शिक्का वाचा, तो कोणता भाग आहे ते बघा.

खिळ्याचं वेगळं. सेंट्रिंगच्या फळ्या उलट्या पडलेल्या साइटवर टोपी काय कामाची, तिथे सोलमध्ये पत्रा किंवा तसलं जाड कापड लागतं. युरोपियन खुणांचा बूट असेल तर एस१पी किंवा एस३ बघा. एस२ मध्ये पाण्याची सोय असते, खिळ्याची नाही, आमच्याकडे एकदा नंबर मोठा म्हणून एस२ च मागवले होते! आणि जेटीवर घोटाभर पाण्यात उभं राहायचं असेल तर चामड्याचा नाद सोडा, सरळ गमबूट.

वायरमन लोकांनी हे नीट वाचा. अँटीस्टॅटिक बूट शॉकपासून वाचवत नाहीत. ते अंगावरचा स्थिर चार्ज हळूहळू जमिनीत सोडतात, सॉल्व्हंट हाताळणाऱ्या फार्मा प्लांटमध्ये तेच हवं, पण वायरमनला करंट अडवणारा बूट लागतो, म्हणजे बरोबर उलट काम. वेल्डिंगवाल्यांनी लेसचे टाळावे, ठिणग्या लेसमध्ये अडकतात, आणि सोल नायट्राइल रबरचा घ्यावा, एचआरओ खूण असेल तर ३०० अंशाचा तापलेला पृष्ठभाग मिनिटभर सोसतो.

आता माझी स्वतःची चूक. पूर्वी एका ठिकाणी होतो तिथे स्वस्तात मिळाले म्हणून ढीगभर जोड घेऊन ठेवले, प्लास्टिकच्या पिशव्या पण काढल्या नाहीत. तीनेक वर्षांनी जूनमध्ये वाटून दिले, दिसायला कोरे करकरीत, आणि आठवड्यात पोरं परत आली, सोल नाचणीच्या सुक्या भाकरीसारखा तुटून हातात! मी म्हटलं माल डुप्लिकेट. तसं नव्हतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही आतून मरतो, पाण्याची वाफ त्याला हळूहळू तोडत जाते, आणि आमच्या गोंयच्या हवेत वाफेला काय कमी? आता बुटावरचा तयार झाल्याचा महिना-वर्ष बघितल्याशिवाय घेत नाही, जुना जोड आधी वाटून टाकतो आणि अंगठ्याने सोल दाबून बघतो, भुगा पडला किंवा चिरा दिसल्या तर बाद.

साइज संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा सुजलेले असतात, आणि कामाचे जाड मोजे घालूनच. चामडं सैल होतं, टोपी होत नाही, म्हणून "वापरून वापरून बसेल" हे इथे चालत नाही. बोटं टोपीला लागत असतील तर एक नंबर वर, पण टाच आत उचलते काय तेही चालून बघा.

टोपीवर एकदा जोरात काही पडलं की बाहेरून कितीही ठीक दिसो, तो जोड बाद. भिजला तर बॉयलरजवळ ठेवू नका, चामडं कडक होतं, चिकटवण सुटतं. आतली गादी काढा, जुना पेपर कोंबा, पंख्याखाली ठेवा, आणि शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, कारण आमच्याकडे जुलैत एका रात्रीत काहीच सुकत नाही.